हिरवं बूच

दर तीन महिन्यांनी, मंगळवारी,
आदल्या रात्रीच्या गोळीपासून बारा तास मोजून
मी डंडीच्या चढावरच्या दवाखान्यात जाते
आणि डाव्या हाताची बाही वर करते.
उजवा हात शिरा दाखवत नाही. लाजरा आहे.

एकवीस वर्षं झाली.
जांभळ्या पुस्तिकेत आकडे ओळीने मांडलेले,
वाण्याच्या वहीत उधारी असते तसे.
मूत्रपिंड, थायरॉईड, वजन,
आणि ते मीठ.
मीठच आहे ते, दगडातून काढलेलं,
पानात वर डावीकडे वाढतात
त्याच्या लांबच्या नात्यातलं.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
मी एके काळी इतकी जागले, अकरा रात्री सलग,
की या मिठानेच मला निजवलं.

त्या मंगळवारी शोना सुट्टीवर होती.
नवा मुलगा होता, कॅलम, मानेवर दाढीचं पुरळ.
माझ्यापेक्षा त्याचाच हात जास्त थरथरत होता.
जरासं टोचेल, म्हणाला, आणि स्वतःच डोळे मिटले.

संध्याकाळी सहाला फोन.
दोन पॉइंट नऊ.
तुम्ही ठीक आहात ना?
मी भेंडी चिरत होते.
ठीक आहे, म्हटलं.
पलीकडे शांतता.

ही शांतता माझ्या ओळखीची आहे.
'मी ठीक आहे' हे वाक्य
मी एका हिवाळ्यात फार वेळा म्हटलं,
टे नदीच्या पुलावर, पहाटे चारला, अनवाणी.
तेव्हापासून ते कोणी सरळ खिशात घालत नाही,
मोठ्या नोटेसारखं
आधी उजेडाला धरून बघतात.

दिगंबरने गाडीची किल्ली घेतली, मग माझे हात.
पुढे धर. धरले.
सरळ चाल. ओट्यापासून दारापर्यंत चालले.
शंभरातून सात वजा करत जा.
त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी.
बाहत्तरला तोच चुकला.
जुलाब झाले का? पाणी प्यालीस ना?
गुडघ्यासाठी ती दुसरी गोळी घेतलीस?
निर्जळी केलीस का चोरून?
निर्जळी तर मी केव्हाच सोडली,
देवाला रीतसर कळवून.

गाडीत मग मीच मला तपासू लागले.
रस्त्यावरचे दिवे जरा जास्त पिवळे नाहीत ना?
जीभ जड झालीय का?
खिडकीकडे तोंड करून हळूच म्हणून पाहिलं,
कच्चा पापड, पक्का पापड.
आकडा कशाला खोटं बोलेल?
त्याला कधी वेड लागलेलं नाही.

रात्री दोनला एक डॉक्टर आली,
एका पायातला मोजा घसरलेला, हातात नवा कागद.
शून्य पॉइंट सात.
म्हणाली, सकाळची नळी चुकीची होती.
हिरव्या बुचाच्या त्या नळीत
रक्त गोठू नये म्हणून जे घालतात
त्यात आधीच लिथियम असतं.
तुमचं नव्हतं ते. नळीचं होतं.

दिगंबर हसला, मग भिंतीकडे वळून
बराच वेळ नाक शिंकरत राहिला.
मला हसू आलं नाही.
कोणीतरी मला काहीतरी म्हणायला हवं होतं.
काय, ते अजून सापडलेलं नाही.
मी भेंडीचा विचार करत होते,
एव्हाना तारा सुटल्या असतील.

पुढच्या खेपेला पुन्हा कॅलम.
त्याने पिवळं बूच माझ्यासमोर धरलं,
दुकानदार साडीचा पदर धरतो तसं.
मी मान हलवली.
कशा आहात, त्याने विचारलं, सुई हातात,
आणि थांबला.
खरोखर थांबला, उत्तरासाठी.

ठीक आहे, म्हटलं.
गुडघा तेवढा दुखतो.